आम्हाला नारळ कोण देणार?

महाराष्ट्रात ३१ मे हा कॅलेंडरात न छापलेला सण आहे. त्या दिवशी सरकारी कचेऱ्यांत आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत इतक्या शाली पांघरल्या जातात की त्या उकाड्यात सत्कारमूर्तींची दया यावी. कारण साधं आहे. एके काळी पोराला शाळेत घालायला आलेल्या बापाला जन्मतारीख सांगता आली नाही, की गुरुजी १ जून ठोकून देत. ती पोरं मोठी झाली, नोकरीला लागली. पहिल्या तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, या नियमानं मग ती सगळी एकाच दिवशी नारळ घेऊन घरी जाऊ लागली.

माझी बायको जिल्हा परिषदेची शिक्षिका. तिचा जन्म खरोखरच १ जूनचा आहे असं सासूबाई शपथेवर सांगतात. ती कोणत्या दिवशी निवृत्त होणार हे ती नोकरीला लागली तेव्हाच ठरलं होतं. जन्मतारखेत अठ्ठावन्न मिळवले की झालं. १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागल्यामुळे तिला जुनी पेन्शन आहे. मार्च २०२३ मध्ये ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत राज्यभरातले कर्मचारी संपावर गेले, तेव्हा स्वतःला काही मिळायचं नसतानाही ती तरुण सहकाऱ्यांसाठी मोर्चात चालून आली. संध्याकाळी पाय शेकत बसली होती. मला म्हणाली, “तुमच्या लोकांचा मोर्चा कधी?”

मी म्हटलं, “कुणावर न्यायचा?”

आमचे लोक म्हणजे मी आणि माझे अशील. मी सांगली-मिरजेतल्या छोट्या धंदेवाल्यांची खाती लिहितो, रिटर्न भरतो. त्यात सलूनवाले आहेत, शिंपी आहेत, गॅरेजवाले, क्लासवाले, झेरॉक्सवाले, इलेक्ट्रिशियन आणि मिरजेचे दोन-तीन सतारमेकर आहेत. यातल्या कुणालाही साहेब नाही, हा त्यांचा अभिमान आणि हीच त्यांची पंचाईत. साहेब नसला की रजा मागावी लागत नाही. पण “बाबा रे, तू आता म्हातारा झालास, घरी जा” हे सांगायलाही कुणी नसतं. मी रिटर्न भरताना सहज विचारतो, साठीनंतर काय ठरवलंय? उत्तरं ठरलेली असतात. “बघू की.” “पोरगं आहे.” “हात चालतायत तोवर काय चिंता!” एका शिंप्यानं तर माझ्याकडे असं पाहिलं की मी त्याच्या दुकानासमोर दुसरं दुकान काढतोय.

नोकरदार माणूस फार काटकसरी असतो असा एक गैरसमज आहे. तो बिचारा काहीच करत नाही. कायद्यानं त्याच्या पगारातून प्रॉव्हिडंट फंडाचे बारा टक्के त्याच्या हातात पडायच्या आधीच कापले जातात, मालकाला त्यात आपले घालावे लागतात, आणि तीस वर्षांनी हा गृहस्थ “मी बचत केली” म्हणून नातवंडांना उपदेश करतो. धंदेवाल्याच्या बाबतीत मालक आणि नोकर एकाच बनियनमध्ये राहतात. नोकर म्हणतो, माझे कापू नको, या महिन्यात मुलीची फी आहे. मालक म्हणतो, मी तरी कुठून घालू, नवीन मशीन घ्यायचंय. दोघांचं एकमत होतं आणि मशीन येतं.

सरकारनं प्रयत्न केले नाहीत असं मात्र म्हणता येणार नाही. २०१० साली ‘स्वावलंबन’ आली. ज्यांचं सगळं आयुष्य स्वावलंबनातच गेलं, त्यांना आणखी काय शिकवायचं होतं कोण जाणे. पण तुम्ही भरलंत की सरकार वर्षाला हजार रुपये घालायचं. मग २०१५ मध्ये तिच्या जागी ‘अटल पेन्शन’ आली. ती टिकली, आणि चांगली आहे हे मी आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी तिची थोडी थट्टा करणार आहे.

अटल पेन्शनचं कोष्टक माझ्या टेबलाच्या काचेखाली असतं. वय १८ ते ४०. साठीनंतर महिना एक हजारापासून पाच हजारांपर्यंत, जेवढी निवडाल तेवढी पेन्शन, आणि तिला सरकारची हमी. पाच हजारांसाठी अठराव्या वर्षी सुरू केलं तर महिना २१० रुपये, तिसाव्या वर्षी ५७७, चाळिशीच्या दारात १,४५४. म्हणजे सरकारला तुमच्या म्हातारपणाची काळजी तुम्ही अठरा वर्षांचे असताना वाटते. तुम्हाला स्वतःला ती पंचेचाळिसाव्या वर्षी वाटायला लागते, गुडघा पहिल्यांदा बोलतो तेव्हा. तोवर खिडकी बंद झालेली असते.

दुसरी गंमत खास माझ्या धंद्याची. १ ऑक्टोबर २०२२ पासून आयकर भरणाऱ्याला या योजनेत नव्यानं येता येत नाही. ज्याला कर बसतो तो माझ्याकडे येतो, पण त्याला ही योजना घेता येत नाही. ज्याला घेता येते त्याला कर बसत नाही, मग तो माझ्याकडे कशाला येईल? ते कोष्टक काचेखाली आहे ते केवळ माझ्या समाधानासाठी.

तरी एक गिऱ्हाईक मिळालं. माझे केस कापणारा पोरगा, वय पंचवीस. गळ्याभोवती फडकं आवळून तो माझी मान धरून होता, त्यामुळे मला हलता येत नव्हतं आणि त्यालाही पळता येत नव्हतं. म्हटलं, तुला महिना ३७६ बसतील. त्यानं कात्री थांबवली. “आन् मिळणार किती, काका?” पाच हजार. त्याचा चेहरा आरशात उजळला. मग मीच घोळ घातला. सरळ माणसानं गप्प बसावं; मी हिशेबनीस पडलो. सांगितलं की महागाई वर्षाला सहा टक्के धरली तर पस्तीस वर्षांनी त्या पाच हजारांत आजच्या साडेसहाशे रुपयांचं सामान येईल. त्यानं मनातल्या मनात भागाकार केला. “म्हंजी सहा-सात कटिंगचे पैसे.” हो. “तरी घ्यायची म्हनता?” घे म्हटलं. तू गेलास तर तेवढीच पेन्शन बायकोला, तीही गेली की पोरांना साडेआठ लाख. तुझ्या सहा कटिंग तुला कुणीतरी फुकट करून देतंय असं समज. आता दर महिन्याला त्याच्या खात्यातून पैसे जातात आणि माझे कान तो अधिक जपून सांभाळतो.

२०१९ मध्ये मानधन योजनांची जोडी आली, एक असंघटित कामगारांसाठी, एक छोट्या व्यापाऱ्यांसाठी. दोन्हींत वयाप्रमाणे महिना ५५ ते २०० रुपये तुम्ही भरायचे, तेवढेच सरकार भरणार, साठीनंतर महिना तीन हजार. व्यापाऱ्यांच्या योजनेला वार्षिक उलाढालीची मर्यादा दीड कोटी. हे वाचून मी बराच वेळ भिंतीकडे बघत बसलो. दीड कोटीची उलाढाल करणाऱ्या माणसाचा दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चहाचाच खर्च महिना तीन हजारांवर असतो. त्याला कुणी पेन्शन विचारली तर तो म्हणेल, चहावाल्याकडे जमा करा.

यातली कामगारांची योजना ज्याच्या खरोखर कामाची होती तो आमच्या घराचं काम करणारा गवंडी. वय अडतीस, चाळिशीच्या अटीला दोनच वर्षं हातात. पण हप्ता जायचा तर खातं जागं हवं, आणि त्याचं खातं झोपलेलं. जागं करायला केवायसी, केवायसीला अंगठा. मी बरोबर गेलो. मशिनच्या काचेवर त्यानं अंगठा ठेवला, लाल दिवा. पुन्हा ठेवला; लाल दिवा. काउंटरवरचा मुलगा सरावलेला होता. म्हणाला, डोक्यावरून फिरवा, केसाला तेल असतंय. फिरवला. हात धुऊन या. धुऊन आला. तर्जनी बघू. मधलं बोट बघू. वीस वर्षं सिमेंट कालवलेल्या त्या दहा बोटांवर एकही रेघ शिल्लक नव्हती. ज्यानं हातानं काम केलं म्हणून त्याला कामगार म्हणायचं, त्याच कामानं त्याची ओळख पुसली गेली, यावर मला काहीतरी गंभीर बोलावंसं वाटलं. पण गवंडी स्वतः हसत होता. “साहेब, चोरी केली तर सापडणार नाय बघा मी.” शेवटी डाव्या करंगळीनं त्याला ओळखलं. त्याची सगळी म्हातारपणाची पेन्शन आता त्या करंगळीवर आहे.

या सगळ्या योजनांमध्ये एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे महिना. पगारदाराला महिना असतो. पहिली तारीख असते, अखेर असते, अखेरीची चणचण असते. आमच्या लोकांना हंगाम असतो. शिंप्याला दिवाळी आणि लग्नसराई, क्लासवाल्याला जून, एसीवाल्याला मार्च ते मे, आणि मला रिटर्न भरायचे दिवस. मधल्या काळात आम्ही जगतो ते उधारीवर, गोड बोलण्यावर आणि “पुढच्या आठवड्यात नक्की” या वाक्यावर. आणि बँकेला ठरलेल्या तारखेला हप्ता हवा असतो. नेमकं तेव्हा खात्यात दोनशे एक रुपये असतात आणि हप्ता दोनशे दहा. अटल पेन्शनमध्ये आता तिमाही-सहामाही भरायची सोय केलीय, हे कुणा शहाण्या माणसाला सुचलं त्याला माझा नमस्कार.

हंगामी माणसाचा महिन्याशी असलेला हा तंटा सर्वांत आधी ओळखला तो उडुपी-मणिपालच्या डॉ. टी. एम. ए. पै यांनी. १९२५ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विणकरांना हात देण्यासाठी जी बँक काढली, तीच पुढची सिंडिकेट बँक. तिनं १९२८ मध्ये पिग्मी ठेव सुरू केली. दिवसाला दोन आणे, आणि ते घ्यायला बँकेचा माणूस दारात. त्यांनी महिना मोडून दिवस केला. ती बँक २०२० मध्ये कॅनरा बँकेत विलीन झाली, पण पिग्मी हा शब्द आमच्या बाजारपेठेत असा रुजला की तो मराठीच वाटतो.

आमच्या पेठेतला पिग्मीवाला संध्याकाळी सातला येतो. पट्ट्याला अडकवलेलं छोटं काळं मशीन, त्यातून करकरत निघणारी पावती, खांद्यावर पिशवी. तो “द्या” म्हणत नाही. नुसता उभा राहतो आणि पावसाबद्दल बोलतो. गल्ल्यातून पन्नास-शंभर काढून दिल्याशिवाय पाऊस थांबत नाही. नोकरदाराच्या पगारातून कापणारा जो कुणी अदृश्य कारकून असतो, तो आमच्याकडे असा चप्पल घालून येतो. व्याज म्हणाल तर थोडकंच. आणि पैसे पतसंस्थेत असले तर एक गोष्ट मी सगळ्यांना बजावतो: बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं कवच आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. लोक मान डोलावतात आणि संध्याकाळी सातला शंभराची नोट काढतात. कारण विमावाला दारात येऊन पावसाबद्दल बोलत नाही. पिग्मीवाल्याला स्वतःला पेन्शन आहे का, हेही मी एकदा विचारलं. तो कमिशनवर आहे. म्हणाला, “माझीपण पिग्मी आहे ना. रोज माझी मीच पावती फाडतो.”

राहिली मोठी योजना, एनपीएस, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन प्रणाली. ती २००४ मध्ये केंद्र सरकारच्या नव्या नोकरांसाठी आली आणि १ मे २००९ पासून, म्हणजे योगायोगानं कामगार दिनाच्याच मुहूर्तावर, सगळ्यांना खुली झाली. चाळिशी उलटलेल्यांना मी हिच्याकडेच वळवतो. वर्षाला किमान हजार रुपये, कधीही भरा, दिवाळीत भरा नाहीतर शिमग्याला. हप्त्याचा जाच नाही. इथपर्यंत सगळे खूश असतात. मग वार्षिकीचा विषय निघतो, म्हणजे जमलेल्या रकमेतला ठरावीक हिस्सा विमा कंपनीला द्यायचा आणि तिनं आपल्याला आयुष्यभर पेन्शन द्यायची. वर्षानुवर्षं हा हिस्सा किमान चाळीस टक्के होता. गॅरेजवाल्या मित्राला हे समजावताना माझा एक चहा गार झाला, मग दुसरा.

“माझेच पैसे कंपनीला द्यायचे?”

“हो.”

“आणि तिनं ते मलाच महिन्या-महिन्यानं द्यायचे?”

“हो.”

“मग मीच मला दिले तर?”

यात तसा दोष काढता येत नाही. मी विचारलं, तू किती वर्षं जगणार? तो म्हणाला, ते काय सांगता येतंय? म्हटलं, कंपनीलाही तुझं सांगता येत नाही. पण तिच्याकडे तुझ्यासारखे हजारो आहेत, आणि हजारोंचं साधारण सांगता येतं. जे लवकर जातात त्यांचे उरलेले पैसे उशिरा जाणाऱ्यांच्या कामी येतात. नव्वदीपर्यंत जगलास तरी पेन्शन संपत नाही, ती त्यामुळेच. तो स्पॅनर फिरवत विचार करत राहिला. “म्हणजे मी पासष्टीला गेलो तर माझ्या पैशांवर दुसरा कुणीतरी म्हातारा नव्वदीपर्यंत शिरा खाणार?” थोडक्यात, हो. “कोण तो? आपल्या गावचा आहे?”

मूळ रक्कम वारसाला परत मिळण्याचा पर्यायही असतो, फक्त त्यात पेन्शन कमी पडते. माझ्या माहितीतला प्रत्येक माणूस तोच निवडतो. दरमहा हातात कमी आलं तरी चालेल, पण अनोळखी म्हाताऱ्याला शिरा मिळता कामा नये.

मी हे सगळं लोकांना सांगत फिरायचो ते एक गोष्ट धरून, की पेन्शन म्हणजे थांबल्यावर मिळणारे पैसे. ती समजूत बदलली मिरजेतल्या एका सतारमेकर चाचांनी. मिरजेची सतार आणि तंबोरा यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पेपरात फोटो आले. चाचांच्या कारखान्यात, म्हणजे एका लांबट खोलीत, त्यामुळे काही बदललं नाही. खाली लाकडाचा भुसा, वर माळ्यावर पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आणून वाळवलेले भोपळे. ते भोपळे वर्षानुवर्षं तिथं असतात. जितका जुना तितका चांगला. बँकेत भोपळा आणि माळ्यावर भोपळे, असा त्यांचा ताळेबंद मीच एकदा मांडला होता.

मी गेलो तेव्हा ते एका तंबोऱ्याची जवारी लावत होते. घोडीवर कानस अगदी हलक्या हातानं एकदा फिरवायची, तार छेडायची, कान पुढे करायचा, पुन्हा एकदा फिरवायची. किती घासायचं याचं माप नाही. केसभर जास्त झालं तर स्वर मुका होतो. मी नेहमीचं गाणं सुरू केलं: चाचा, एकोणसाठ झालात, थांबायचा काही विचार? त्यांनी कानस बाजूला ठेवली.

“थांबायचं कशाला साहेब? आत्ता कुठं कान तयार झालाय.” मग कोपऱ्यातल्या खोक्याकडे बोट दाखवलं. त्यात वीतभर लांबीच्या सतारी होत्या, भिंतीवर लावायच्या, न वाजणाऱ्या. एका दुकानदारानं शेकड्यानं सांगितलेल्या, कवडीमोल भावात. “भाडं थकलं की ह्ये करावं लागतंय. मला काम नको असं नाय. ह्ये काम नको.”

धंदेवाल्याच्या पेन्शनचा खरा उपयोग हा आहे असं मला वाटतं. नोकरदाराला ती काम संपल्यावर लागते. आमच्यातल्या बऱ्याच जणांना काम संपवायचंच नसतं. शिंप्याला ब्लाउज शिवायला आवडतं. त्याला फक्त ‘उद्या सकाळपर्यंत द्या’ म्हणणारी बाई नको असते. क्लासवाल्याला गणित नकोसं होत नाही, पालक होतात. मला स्वतःला आकडे प्रिय आहेत, पण तीस तारखेला रात्री अकरा वाजता पिशवीत पावत्या कोंबून आणणारा माणूस मी सत्तरीत दारातूनच परत पाठवणार आहे. आणि नाही म्हणायला पैसे लागतात. हो म्हणायला काही लागत नाही, म्हणून गरीब माणूस सारखा हो म्हणतो.

त्या दिवसांत चाचांच्या हातात थोडे पैसे आले होते. परदेशात राहणाऱ्या एका मराठी गायिकेनं तंबोऱ्यांची जोडी नेली होती. मी म्हटलं, पुढच्या वर्षी साठ झालात की पोस्टात ज्येष्ठ नागरिकांची योजना आहे, तीस लाखांपर्यंत ठेवता येतात, दर तिमाहीला व्याज. “तीस लाखांचे तंबोरे विकायला दुसरा जलम लागंल.” मग पीपीएफ सांगितलं. १९६८ पासूनची योजना, वर्षाला पाचशेपासून दीड लाखापर्यंत, जमेल तसं भरा. व्याज एप्रिल २०२० मध्ये ७.१ टक्क्यांवर आलं आणि पुढे वर्षानुवर्षं तिथंच बसून राहिलं, पण एक मोठी गोष्ट आहे. धंदा बुडाला, घेणेकऱ्यानं कोर्टातून हुकूमनामा आणला, तरी या पैशांवर जप्ती आणता येत नाही.

चाचा एकदम ताठ बसले. मागे ते एका पाहुण्याच्या कर्जाला जामीन राहिले होते आणि पाहुणा नेमका त्याच वर्षी गाव सोडून गेला होता. “कोर्टालाबी हात लावता येत नाय?”

“नाही. पण चाचा, ते पंधरा वर्षांचं असतं. तुम्ही चौऱ्याहत्तर वर्षांचे व्हाल.”

“व्हू दे की. वडलांचा जवारीचा हात सत्तरीनंतरच बसला होता.” त्यांनी भुशातून चष्मा शोधून काढला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. “पर पाच तारखेच्या आत भरलं तरच त्या महिन्याचं व्याज मिळतंय म्हणत्यात, खरं हाय का? आज चार हाय.”